खालचा डावा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी पहिल्या दर्जाचा भित्रा आहे. घरात मला सगळे 'चौकोनी' म्हणतात, कारण माझा पडदा वहीच्या पानासारखा आहे, जवळजवळ जेवढा लांब तेवढाच रुंद. हल्लीचे टॅब फळीसारखे लांबुळके असतात. माझ्या काचेला कडेला एक चीर आहे, बॅटरी थकली आहे, आणि कुणी नुसतं 'नवीन' म्हटलं तरी माझा पडदा मंद होतो.

ही भीती जन्मापासूनची आहे. कारखान्यात आम्ही भावंडं एका पट्ट्यावरून सरकत पुढे जात होतो. शेवटी एक बाई हातमोजे घालून बसल्या होत्या. त्या प्रत्येकाच्या काचेवर बोट फिरवायच्या आणि उजवीकडे किंवा डावीकडे ढकलायच्या. उजवीकडे गेलेल्यांना खोकं मिळायचं. डावीकडे गेलेल्यांचं काय व्हायचं, ते कुणी सांगत नसे. मी उजवीकडे गेलो, पण तेव्हा जो धसका घेतला तो आजतागायत गेलेला नाही.

मला विकत घेतलं ते एका फरशी बसवणाऱ्या गृहस्थांनी. गिऱ्हाइकांना फरश्यांचे नमुने दाखवायला मी त्यांना हवा होतो. सिमेंटच्या गोणीवर, अर्धवट जिन्यात, ओल्या गिलाव्याशेजारी, कुठेही ते मला ठेवायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. माणूस मात्र सोन्यासारखा. फक्त एक खोड होती: मोकळी जागा त्यांना बघवत नसे. भिंतीशी बोटभर पट्टी उरली तरी ते तिथे फरशीचा तुकडा कापून बसवणारच. जेवतानासुद्धा ताटात पदार्थ कडेपर्यंत मांडून घेतात, असं त्यांची बायको म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि नवऱ्याची चेष्टा करायची एकही संधी सोडत नाही.

त्या दोघांबरोबर तिचे वडील राहतात. त्यांना मी आजोबा म्हणतो. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. समोर लाकडी खणांची पेटी असायची, एकेका खणात एकेक अक्षर. नजर मजकुराच्या कागदावर, आणि हात आपोआप बरोबर खणात. खणाकडे बघून खिळा उचलणारा तो शिकाऊ, असं त्यांच्यात मानायचे. मग एका दुपारी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळ्यांत क्रूर गोष्ट म्हणजे अक्षरंही गेली. ज्या अक्षरांना आयुष्यभर चिमटीत धरलं, ती डोळ्यांसमोर आली तरी आता ओळख देईनात.

तेव्हा त्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी मला मागून घेतलं आणि माझ्या पडद्यावर चित्रांचे चौकोन मांडले. चार ओळी, प्रत्येकीत सहा चौकोन. पाणी, भूक, थंडी वाजतेय, हो, नको, चहा हवा, अशी सगळी रोजची बोलणी. चौकोनावर बोट टेकलं की मी ते वाक्य म्हणायचो. आवाज पुरुषाचा हवा म्हणून तो जावयाने दिला. सासरा जावयाच्या तोंडाने बोलतो, असं घर तुम्हाला शोधून सापडायचं नाही. "बाबा, आता तरी तुम्हाला माझ्या उलट बोलता येणार नाही," असं जावई म्हणाले, तेव्हा आजोबा झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

खालच्या डाव्या कोपऱ्यात बाईंनी छातीवर हात ठेवलेल्या माणसाचं चित्र ठेवलं. "छातीत दुखतंय."

"हा चौकोन मुद्दाम कोपऱ्यात ठेवलाय," बाई म्हणाल्या. "कोपरा डोळे मिटूनही सापडतो. डॉक्टरांनी सांगितलंय ना, छातीत कळ आली तर क्षणभरही थांबायचं नाही? मग रोज सराव करायचा, आजोबा."

आजोबा रोज सराव करत. आणि मित्रांनो, काही दिवसांतच त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. मी त्यांच्या मांडीवर असायचो, ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि डावा हात माझ्यावर फिरायचा. मी त्यांची खणांची पेटी झालो होतो. शेजारचे लोक कौतुकाने बघायला येत. मीही मनातून फुगत होतो, पण रोज ते बोट त्या कोपऱ्याकडे निघालं की घाबरत होतो. एक दिवस हा सराव नसेल, असं मला वाटायचं.

पुढे माझी बॅटरी दगा देऊ लागली. एकदा आजोबांना मुलीला काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी एक चौकोन दाबला, दुसरा दाबला, आणि तिसऱ्याच्या अलीकडे मी विझलो. आजोबांचं बोट तसंच हवेत राहिलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं अर्ध्या वाक्यात सोडणारा टॅब काय कामाचा?" ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी लाजेने काळा पडलो होतो.

नवा घ्यायचं ठरलं, तेव्हा आजोबांनी माझ्यावर 'नको' दाबलं. पुन्हा दाबलं.

"सुरुवातीला सगळेच नको म्हणतात, बाबा," मुलगी प्रेमाने म्हणाली. "होईल सवय."

जावई मला पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. काउंटरवर दोन्ही बाजूंना चकचकीत टॅब उभे, आणि मध्ये मी, चिरलेला. मला पुन्हा त्या पट्ट्यावर ठेवल्यासारखं वाटलं. विक्रेती मुलगी हुशार होती. तिने एक लांबट आणि एक चौकोनी टॅब पुढ्यात ठेवला.

"वापर काय आहे, काका?"

"घरातला, रोजचा. सासऱ्यांना लागतो. मीही वापरेन अधूनमधून."

"मग आकार नीट बघून घ्या. लांबट टॅबवर सिनेमा, मॅच छान दिसते. आवाज दोन्ही बाजूंनी येतो, दोन कामं शेजारी शेजारी उघडता येतात. चौकोनी टॅबवर वाचायला बरं, पान अख्खं मावतं. धरायलाही बरा, आडवा-उभा कसाही धरा, फार फरक पडत नाही. पण त्याच्यावर सिनेमा लावलात तर वर-खाली काळे पट्टे येतात."

"म्हणजे तेवढी जागा फुकट?" जावयांनी विचारलं, आणि मी काय ते समजलो. काळे पट्टे म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. ज्याची खोड त्याला! शिवाय त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाबांना मॅच मोठी दिसेल, चित्रं ठळक दिसतील, बॅटरी दोन दिवस पुरेल, एवढंच त्यांना हवं होतं. लांबट घरी आला.

त्या संध्याकाळी माझ्यातली सगळी बोलणी त्याच्यात गेली. पण माझे चौकोन जसेच्या तसे ठेवले तर नव्या पडद्याच्या दोन्ही कडांना रुंद पट्ट्या मोकळ्या राहत होत्या. जावयांना ते कसं सोसावं? त्यांनी मांडणी पडद्याच्या मापाने पसरू दिली. चारच्या तीन ओळी झाल्या, प्रत्येकीत चौकोन वाढले, आणि ओळीच्या टोकाचे चौकोन सरकत सरकत पुढच्या ओळीत गेले. कडेपासून कडेपर्यंत पडदा भरला. "बघ, एक फरशी कमी नाही की जास्त नाही," जावई बायकोला म्हणाले. तिने बघून बघून एकेक चौकोन दाबला. प्रत्येक बरोबर बोलला. आजोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

खालच्या डाव्या कोपऱ्यात आता 'चहा हवा' होतं. मला दिसलं. मी शेजारीच पडलो होतो. आम्हा वस्तूंना जीव असतो, जीभ नसते. मला बंद करून आजोबांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर, नव्याच्या खोक्याखाली ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी दुकानात कामाला गेली. जावई घरी होते. स्वयंपाकघरात उभे राहून ते फोनवर कुणाला तरी न्हाणीघराच्या फरशीचा उतार समजावून सांगत होते. आजोबा खुर्चीत बसले होते. अचानक त्यांचा श्वास बदलला. माझा पडदा बंद होता, पण काच कधी झोपत नाही. टेबलावर टेकलेलं त्यांचं कोपर थरथरत होतं, ती थरथर लाकडातून माझ्यापर्यंत येत होती. मला कळलं, आज सराव नाही.

त्यांनी मांडीवरच्या नव्या टॅबचा कोपरा दाबला. नजर नेहमीसारखी वर, स्वयंपाकघराच्या दाराकडे असणार.

"चहा हवा," नवा टॅब म्हणाला. जावयाच्याच आवाजात, अगदी गोड.

"आणतो हं, बाबा!" आतून उत्तर आलं.

आजोबांनी पुन्हा दाबलं. जोराने. "चहा हवा." पुन्हा. "चहा हवा. चहा हवा."

"अहो, पाणी उकळू तरी द्या!" जावई हसत म्हणाले. "आज तलफ जोरात दिसतेय!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. भंगारात जायची भीती, पुसलं जायची भीती, सगळ्या भीत्या त्या क्षणी किरकोळ झाल्या. आजोबांनी खाली पडद्याकडे बघितलं असणार, पण कळ इतकी होती की चित्रं त्यांना उमजेनात. जावई खांद्याने कानाशी फोन धरून आले आणि त्यांनी कप टेबलावर ठेवला. आजोबांनी हात झटकला. कप खाली पडून फुटला.

"रागावलात? नव्यावर राग होय! राहू द्या, दुसरा टाकतो," म्हणत जावई फडकं आणायला वळले. फोन चालूच होता.

तेवढ्यात माझ्यावरचं खोकं सरकलं. आजोबांचा हात मला चाचपत होता. अंगठा माझ्या कडेच्या चिरेवरून घसरला, थांबला, आणि बोट माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येऊन टेकलं. घामाने ओलं, गार बोट. त्यांनी दाबलं. मी बंद होतो. त्यांनी पुन्हा दाबलं. माझ्या पोटात ते वाक्य होतं, अगदी तिथेच होतं, आणि मला ते बाहेर काढता येत नव्हतं. असा दुबळेपणा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

दाराची कडी वाजली. मुलगी जेवायच्या सुट्टीत घरी आली होती.

"अगं, जपून, काचा आहेत," जावई फरशी पुसता पुसता म्हणाले. "बाबा रुसलेत. सारखा चहा मागितला आणि आणला तर फेकला. आता तो बंद टॅब दाबत बसलेत."

मुलगी आधी हसली. मग तिने बोट कुठे आहे ते बघितलं. काळ्या काचेवर काहीच नव्हतं, ना चित्र ना अक्षर. पण रोजचा सराव तिने इतक्यांदा बघितला होता की तिला चित्राची गरज नव्हती.

"छाती!" ती किंचाळली. "अहो, चहा नाही मागत ते! छातीत दुखतंय त्यांच्या! गाडी काढा!"

पुढचं मला कळलं ते नंतरच्या बोलण्यांतून. आजोबा वाचले. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. जावई कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत. स्वतःच्या आवाजाला आपण हसून उत्तर दिलं, ही गोष्ट त्यांच्या जिवाला फार लागली.

आजोबा घरी यायच्या आदल्या दिवशी जावयांनी शिकवणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. मला चालू करून शेजारी ठेवलं आणि नव्या टॅबवर चौकोन पुन्हा मांडले, माझ्यावर होते तसेच, चार ओळी आणि त्याच जागा. कोपरा हाताला लागावा म्हणून सगळी मांडणी डाव्या कडेला सरकवली. उजवीकडे मोठी काळी पट्टी मोकळी राहिली. जावई तिच्याकडे बघत राहिले, पण तिला त्यांनी हात लावला नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात चाचपडत कोपऱ्यात नेला. "छातीत दुखतंय," त्यांचाच आवाज म्हणाला. ते तिथेच खाली बसून रडले.

माझी बॅटरी आता फुगली आहे. घरात ठेवणं धोक्याचं, असं दुकानदाराने सांगितलंय, म्हणून उद्या मला न्यायला माणूस येणार आहे. मी घाबरलेलोच आहे, खोटं कशाला बोलू! सकाळी आजोबांनी मला मांडीवर घेतलं होतं. त्यांनी अंगठा माझ्या चिरेवरून फिरवला आणि हात माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. लांबट आणा, चौकोनी आणा, मोठा पडदा बघा, बॅटरी बघा. पण ती ज्याच्यासाठी आणताय त्याला एकदा डोळे मिटून ती वापरायला सांगा, आणि तुम्ही डोळे उघडे ठेवून त्याचा हात कुठे जातो ते बघा. ज्याला तोंडाने सांगता येत नाही, तो जागेवरून सांगत असतो. ती जागा त्याला विचारल्याशिवाय हलवू नका.