बुटक्या केसांच्या माश्या

"एकबी अळी नाई, मावशी! सारे अंडे तसेच पडून हायेत." प्रियंकाने बाटली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

दारव्ह्याच्या कॉलेजातल्या या प्रयोगशाळेत सुखीबाई राठोड बावीस वर्षं फळमाश्यांचा स्वयंपाक करत होती. मक्याचं पीठ, गूळ, खमीर. घरच्यांना कधी करपलेलं वाढलं असेल, माश्यांना नाही. आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि जिच्यावर प्रियंकाचं सगळं संशोधन उभं, तीच माश्यांची जात बुडायला निघाली होती.

जातही मोठी नखरेल. माशी अंड्याच्या एका टोकाला निरोप ठेवते, की डोकं इकडे. निरोपाचं जनुक आई-बाप दोघांकडून बिघडलेलं आलं, की माशी स्वतः ठणठणीत, पण तिच्या पिल्लांना डोकंच येत नाही. दोन्हीकडे शेपटी. वंश चालतो तो एक चांगलं जनुक राखून असलेल्या माश्यांवर, आणि त्यांची खूण म्हणजे पाठीवरचे बुटके केस.

प्रियंका नेरच्या कपाशीवाल्या घरातली. विरळणीत खुरटं रोप उपटायचं, हे लहानपणापासून हातात बसलेलं. तिने माश्यांना गुंगी देऊन निवडलं, लांब केसांच्या देखण्या ठेवल्या आणि बुटक्या सुखीबाईला स्पिरिटमध्ये टाकून मारायला दिल्या.

"म्याच मारल्या," ती रडवेली झाली.

सुखीबाई उठली. माठामागे ओल्या पोत्यात गुंडाळलेली एक बाटली तिने काढून आणली. आत त्याच बुटक्या माश्या फिरत होत्या आणि तळाशी अळ्या वळवळत होत्या.

"फेकल्या नाईत? काहून?"

"तुह्या आंधीच्या सरनंबी हेच केलतं. तवापासून फेका म्हनलं, का पंधरा दिवस ठेवून देते. गुंगी उतरली का उठतात बिचाऱ्या. विरजन सपलं त शेजारनीकडं मांगता येते, हे कोनाकडं मांगू?"

प्रियंकाने तिला मिठीच मारली. मग एक अळी भिंगाखाली ठेवून स्टूल पुढे ओढलं. "या मावशी, पाहा."

बावीस वर्षांत सुखीबाईला कोणी भिंगात बघ म्हटलं नव्हतं. तिने हात पुसले आणि डोळा लावला. एका टोकाला गळासारखे इवलेसे काळे आकडे हलत होते.

"ते तोंड," प्रियंका म्हणाली. "म्हंजे डोकं बराबर हाय."

"आमच्यात आईले याडी म्हन्ते," सुखीबाई डोळा न काढता म्हणाली. "याडीनं सांगतलं दिसते याले."

ती खूप वेळ पाहत राहिली. उठली तेव्हा डोळे पाणावलेले होते, पण बोलली कामाचंच.

"उन्हाळ्यात लाईट जाते. पोतं सुकलं त माश्या मरतात. उद्यापासून पानी कोन टाकन?"

"मी टाकीन."

"टाकून दाखव."

प्रियंकाने माठातून गडवा भरला आणि ओतला.

"बाटलीवर नाई व, पोत्यावर," सुखीबाई दाराशी जाऊन म्हणाली. "पुन्हा टाक."

आणि पोतं सगळीकडून भिजेपर्यंत ती दारातून हलली नाही.