दोन्ही आळ्यांचा गुणाजी

“वरच्या आळीला पाच नारळ, खालच्या आळीला पाच. फाटकी पिशवी नको देऊस गो,” गुणाजीकाका म्हणाला.

ठमाकाकूने पिशवी त्याच्या अंगावरच फेकली. “एकाच होळीला गेला असतास तर पाचांत भागलं असतं. दोनी होळ्यांना नाचायला तुला कुनी सांगितलंवतं?”

“दोनी पेटल्या व्हत्या ना,” काका म्हणाला आणि दंड भरायला निघाला.

आमचं गाव पेणच्या खाडीला लागून. आठ वर्षांपूर्वी पालखी आधी कुठल्या आळीत जाणार यावरून गावकी फुटली. तेव्हापासून गावात होळ्या दोन, नवरात्रं दोन, भजनी मंडळं दोन. देव तेवढा एकच, तोही बिचारा दोघांना पुरतो. एका आळीच्या माणसाने दुसऱ्या आळीच्या कार्यात पाय ठेवला की पाच नारळ दंड. काकाने कुठलीच आळी धरली नव्हती आणि तो सगळीकडे जायचा; प्रत्येक आळी त्याला दुसरीचा समजायची, त्यामुळे दोन्हीकडे दंड भरणारा गावात तो एकटाच.

मी रोह्याला कॉलेजात इतिहास शिकवतो. इंग्लंडची यादवी शिकवताना राजाची बाजू सांगतो, पार्लमेंटची सांगतो. मग मधल्या काही भल्या माणसांचंही सांगावं लागतं, जी दोघांनाही ‘अरे, बसून बोला’ म्हणत होती आणि दोघांनाही फितूर वाटत होती. एकदा सुरभी नावाच्या मुलीने विचारलं, “सर, त्या मधल्यांचं पुढे काय झालं?” पुस्तकात त्यांना चार ओळी असतात. मला मात्र त्यातला एक माणूस चांगला ठाऊक आहे, लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून शेतं दाखवली आहेत.

ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. चार हैबतरावांचे, म्हणजे वरच्या आळीचे, चार जगनचे, खालच्या आळीचे, नववा काका. हैबतरावांची माणसं तावातावाने उठली की काका म्हणायचा, “बसा.” जगनची उठली की, “तुमीपन बसा.” त्याचं राजकारण एवढंच. पण माणूस शब्दाचा पक्का. म्हैस विकताना ती लाथ मारते हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचा, मग किंमत. काकू कपाळावर हात मारून घ्यायची. शेताच्या हद्दीवरून भांडण झालं की दोन्ही आळ्या साक्षीला त्यालाच बोलवायच्या. गुणाजी खोटं बोलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या गावात वाद नव्हता.

त्या होळीनंतरच्या भादव्यात, एका रविवारी सकाळी, उधाणाने खाडीचा बांध फुटला. खेकड्यांनी आतून पोखरलेली जागा, दहा हातांची खांड पडली. आत दोन्ही आळ्यांची शेतं, एकमेकांना लागून, भात पोटरीला आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात. ओहोटी लागली म्हणून सकाळचं पाणी मागे फिरलं. पण संध्याकाळच्या भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं असतं तर यंदाचं पीक गेलंच असतं, शिवाय दोन-तीन वर्षं त्या जमिनीने काही दिलं नसतं. पूर्वी खांड पडली की गावकी हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस बांधावर जायचा. आता हाळी कुठल्या गावकीने द्यायची?

मी सुट्टीला घरीच होतो. काकाबरोबर आधी हैबतरावांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

“मानसं काढतो की,” ते म्हणाले. “पन गुणाजी, आज तू नक्की सांग. पंचायतीत तुझं मत आमच्याकडं?”

“हैबतराव, भरतीला सहा तास हायत.”

“म्हनूनच विचारतो.”

काकाने एकदा बांधाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, “व्हय. तुमच्याकडं.”

मला धक्का बसला. पण खरा धक्का पुढे होता. तिथून आम्ही खालच्या आळीत गेलो. जगनने तोच प्रश्न विचारला आणि काकाने तेच उत्तर दिलं, “व्हय. तुमच्याकडं.”

आम्ही बांधाकडे निघालो. मी विचारलं, “काका, दोघांनाही शब्द दिलास?”

“दिला.”

“आता काय करणार?”

“आता चिखल उचल.”

दुपारपर्यंत ऐंशी माणसं जमली. वरची आळी खांडीच्या एका टोकाला, खालची दुसऱ्या टोकाला. काका मधे कमरेएवढ्या चिखलात उतरून खुंट ठोकत होता. खुंटांमागे पेंढा, पेंढ्यावर चिखलाचे गोळे. गोळे हातोहात पुढे सरकत होते. जेमतेम दोन हातांची फट राहिली, दोन्ही रांगा समोरासमोर आल्या, आणि हैबतरावांना राहवलं नाही.

“ऐका रे सगळे! गुणाजी आता आमच्यात आलाय.”

“तुमच्यात?” जगन हसला. “सकाळीच मला शब्द दिलाय त्यानं.”

सगळे हात थांबले. भरती लागली होती, बाहेरून पाणी खुंटांना भिडायला लागलं होतं. काकाने दोघांकडे पाहिलं.

“दोगांनाबी खोटं बोललो,” तो म्हणाला. “शिव्या मागनं द्या. पयला चिखल द्या.”

कुणीच हललं नाही. हैबतरावांच्या हातात भला मोठा गोळा होता. वय सत्तरीचं, असा किती वेळ धरून राहणार? त्यांनी तो पुढे केला. घ्यायला समोर जगनच होता. त्याने घेतला आणि काकाच्या हातात दिला. खांड बुजली. संध्याकाळची भरती बांधाला लागली आणि तशीच मागे गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांच्या वेगवेगळ्या बैठका झाल्या आणि दोन्हीकडे एकच ठरलं: गुणाजीशी कुणी बोलायचं नाही, त्याला कशाला बोलवायचं नाही. आठ वर्षांत दोन्ही आळ्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. काकाने पंचायतीचा राजीनामा दिला. “मत एकच, कबूल केलंय दोगांना,” तो म्हणाला. “आता ते कुनालाच नाय.”

काकू मात्र दोन दिवस रडली. “जन्मात एकदा खोटं बोललास,” ती म्हणाली, “ते तरी एकालाच बोलायचंस!” हे मी रोह्याला मित्रांना सांगतो तेव्हा सगळे हसतात, मीही हसतो. घरी गेल्यावर हसू येत नाही. त्याच्या दारात दिवसभर कुणी येत नाही, आणि मला माझ्या गावाचा राग येतो.

यंदा भात जोरात आलं. दोन्ही आळ्यांची कापणी एकदमच सुरू झाली. काका रोज सकाळी खेकड्यांची बिळं बुजवायला बांधावर जातो. परवा मी बरोबर होतो. हैबतरावांच्या शेतात दहा-बारा माणसं वाकून कापत होती. काका थांबला आणि “रामराम” म्हणाला. कुणी मान वर केली नाही. रामरामाला उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो उभा राहिला. मग पुढे गेला, आणि जगनच्या शेतापाशी पुन्हा थांबला.