भोकांची हंडी

मित्रांनो, माझ्या अंगाला जी भोकं दिसतात ती कुणाच्या निष्काळजीपणाने पडलेली नाहीत, मुद्दाम पाडलेली आहेत. मी चेस्टनट भाजायची जुनी मातीची हंडी आहे. माझ्यात पाणी ठरत नाही, सूपही ठरत नाही. खालून जाळाचा उजेड तेवढा वर येतो, आणि मी भरून जाते.

माझा जन्म पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगरातला. झेफेरिनो नावाच्या कुंभाराने मला चाकावर घडवलं आणि ओल्या मातीला काडीने भोकं पाडली. त्याच्या बायकोने नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून माझ्या अंगावर पानंफुलं उमटवली. मग मला खड्ड्यात ठेवून वर झुडपं पेटवली आणि माती लोटली. धूर मुरत मुरत मी काळीभोर झाले. त्या उबदार अंधारात मी गाढ झोपले होते. जाग आली तेव्हा मी देल्फिना नावाच्या मुलीच्या मांडीवर होते आणि ती बोटाने माझी भोकं चाचपत होती.

देल्फिनाच्या गावात सेंट मार्टिनचा सण नोव्हेंबरात येई, चेस्टनट गोळा करून झाले की. पाइनच्या वाळक्या पानांचा जाळ पेटे. माझ्यात चेस्टनट तडतडत, माणसं नवी वाइन पीत आणि राख घेऊन एकमेकांची तोंडं काळी करत. धुरात सगळे चेहरे सारखेच दिसत. मला तर वाटे, जग म्हणजे एवढंच असतं.

पण देल्फिनाचं लग्न झालं. नवरा आदेलिनो फ्रान्समध्ये रस्त्याच्या कामावर होता. ती आगगाडीने निघाली तेव्हा मी तिच्या शालीत गुंडाळलेली होते. शालीच्या विणीतून मला दिवस आणि रात्र एकामागून एक जाताना दिसत होते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडे, आर्देशच्या डोंगरात ओनोरीन नावाच्या विधवा बाईच्या घरी त्यांनी वरची खोली भाड्याने घेतली. ओनोरीनबाईंनी मला पाहिलं आणि भुवई उंचावली.

"एवढ्या लांबून आणलंस ते हे फुटकं भांडं?"

देल्फिनाला तेव्हा फ्रेंच फार येत नव्हतं. ती नुसती हसली आणि तिने मला कपाटावर ठेवलं.

इथेही डोंगरभर चेस्टनटचीच झाडं होती. शरद आला की खालच्या स्वयंपाकघरातून वास येत. भोपळ्याचं सूप, लोण्यात परतलेली रानातली अळंबी, दुधात शिजवलेले चेस्टनट. वास जिना चढून वर येत. माणसं मात्र येत नसत. देल्फिना खिडकीशी बसून राही, आणि रात्री आदेलिनोला म्हणे, "आपण परत जाऊया." तो म्हणे, "हा हिवाळा जाऊ दे." असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या वर्षी ओनोरीनबाई सफरचंदं काढताना शिडीवरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि त्याच सुमारास त्यांच्या बागेतले चेस्टनट गळायला लागले. काटेरी बोंडं उकलून तपकिरी फळं ओल्या गवतात पडू लागली. ती वेळेवर उचलली नाहीत तर कुजतात, नाहीतर रानडुकरं खातात. बाईंचे मुलगे लिऑनहून रविवारी आले. पाऊस होता. ते जेवले आणि परत गेले. बाई त्यानंतर बागेकडची खिडकी उघडेनाशा झाल्या.

देल्फिना मात्र रोज सकाळी पोतं घेऊन बाहेर पडू लागली. परतताना तिची बोटं काट्यांनी रक्ताळलेली असत. कुठे जाते ते तिने आदेलिनोलाही सांगितलं नाही.

सेंट मार्टिनच्या दिवशी दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. ओनोरीनबाई पहिल्यांदाच वर आल्या. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा पडलेला. मागे शेजारचा उर्बें होता.

"सांग हिला," बाई म्हणाल्या.

"मी काय सांगू?" उर्बें टोपी चुरगळत म्हणाला. "रोज तुझ्या झाडांखाली पोतं भरते. मी डोळ्यांनी पाहिलं."

बाईंची नजर टेबलावर गेली. तिथे मी होते, आणि माझ्यात ओंजळभर चेस्टनट होते, भाजण्यासाठी चिरा देऊन ठेवलेले.

"हे माझ्या झाडांचे?"

"हो. तुमच्याच," देल्फिना म्हणाली.

"निदान खोटं तरी बोलत नाहीस. महिनाअखेर खोली रिकामी करा आणि तोंड काळं करा इथून."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा ती शाल, पुन्हा ती आगगाडी. आणि खरं सांगायचं तर आनंद व्हावा तसा मला झाला नाही.

 देल्फिनाने मला कमरेवर घेतलं, दुसऱ्या हाताने बाईंचा धडका हात धरला आणि म्हणाली, "चला."

उतारावर, झाडांच्या मागे, चेस्टनट सुकवायची दगडी कोठी होती. बाई पडल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. देल्फिनाने दार ढकललं. आत वरच्या फळ्यांवर चेस्टनट पसरलेले होते. निवडलेले, पुसलेले, किडके बाजूला काढलेले. वर्षाचं सगळं पीक तिथे होतं. खालचा जाळ तेवढा पेटवायचा राहिला होता.

ओनोरीनबाई उंबरा ओलांडून फळ्यांपाशी गेल्या.

"मी सांगितलं होतं तुला?"

"नाही."

"मग?"

"कुजत होते. आमच्या गावात चेस्टनट म्हणजे भाकरी. भाकरी कुजताना बघवत नाही."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

बाईंनी डाव्या हाताने एक चेस्टनट उचलला, अंगठ्याने पुसला, पुन्हा होता तिथे ठेवला.

"आणि या फुटक्या भांड्यातले?"

"ते मी माझ्यासाठी घेतले. आज सण आहे."

उर्बें खाकरला. "मी आपलं फक्त पोतं म्हणालो होतो."

"उर्बें, तू घरी जा," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि येताना तुझी नवी वाइन घेऊन ये. मागच्या वर्षीसारखी आंबट असली तर नको आणूस."

संध्याकाळी अंगणात जाळ पेटला. मी कित्येक दिवसांनी तापत होते, हळूहळू, जणू आठवत आठवत. माझ्या भोकाभोकांतून उजेड वर आला आणि बाईंच्या भिंतीवर ठिपके नाचू लागले. ठिणग्या वर जात होत्या, वर चांदण्या होत्या, आणि मधली हद्द कुठे आहे ते कळत नव्हतं. मी त्या डोंगरात आहे की या, हेही कळत नव्हतं.

देल्फिनाने राख घेऊन आदेलिनोच्या गालाला फासली. त्याने तिच्या. उर्बेंने तर आपण होऊन नाक पुढे केलं. मग ती बाईंकडे वळली आणि हात तसाच थांबला.

"थांबलीस का?" ओनोरीनबाई म्हणाल्या. "दुपारी मी तुम्हाला तोंड काळं करा म्हणाले. आता माझंच करून टाक."

आणि त्यांनी गाल पुढे केला.

त्या हिवाळ्यात परत जायची गोष्ट वरच्या खोलीत निघाली नाही. त्या दोघींनी कोठीतला मंद जाळ आळीपाळीने सांभाळला. पुढे प्रत्येक शरदात मी बाईंच्या लांब दांड्याच्या लोखंडी तव्याशेजारी जाळावर बसले, आणि गावातले लोक "त्या काळीतले द्या" म्हणून मागू लागले. शेवटच्या वर्षी बाईंना चावता येईना. देल्फिना भाजलेले चेस्टनट दुधात कुस्करून त्यांना भरवी. त्या वसंत ऋतूत ओनोरीनबाई गेल्या.

आता देल्फिनाही नाही. तिची मुलगी ओलिंदा शहरात राहते आणि माझ्यावर तिचा फार जीव आहे. तिने मला काचेच्या कपाटात ठेवलं आहे. माझ्या भोकांत लॅव्हेंडरच्या वाळक्या काड्या खोचल्या आहेत. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "किती सुंदर हंडी." कुणी मला हात लावत नाही. सोललेले चेस्टनट पाकिटातून येतात.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर माया असेल तर तिला तिचं काम द्या. एकदम भडक्यावर ठेवू नका, गरम असताना पाण्यात बुडवू नका, आधी निखाऱ्यांच्या कडेला बसवा आणि धीर धरा. कदाचित मला तडा जाईल. जाऊ दे. कपाटात शंभर वर्षं अखंड राहण्यापेक्षा, एखाद्या थंड संध्याकाळी चार माणसांची बोटं पोळवताना फुटले, तर माझी माती सुखी होईल.