उंडीच्या जागी

ग्रामपंचायतीचा चिटणीस म्हणून मी आयुष्यात हजारभर ठराव लिहिले असतील. त्यातला एकच मला अजून पाठ आहे, आणि तो खोटा आहे.

१९६३ साल सरत आलं होतं. थळपासून किनाऱ्यानं तासभर उत्तरेला चाललं की आमचं गाव लागे. आमचं म्हणजे माझ्या नोकरीचं. मी महाडकडचा, भातशेतीवाल्या घरातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीचा कागद खिशात घेऊन. माझी बायको काशी दोन महिने राहिली, सुकटीच्या वासानं हैराण झाली आणि बाळंतपणाला म्हणून माहेरी गेली. मूल राहिलं नाही आणि तीही परत आली नाही. पंचायतीच्या मागच्या खोलीत मी, एक स्टोव्ह आणि एक पाट. दिवसभर लोक दाखल्यासाठी येत, सही घेऊन जात. संध्याकाळी कुणी येत नसे. मला फार एकटं वाटे, आणि ते लपवायला मी सगळ्यांवर खेकसत असे.

तशात ते पत्र आलं. मुंबईच्या एका नौका क्लबनं शिडांच्या बोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत भरवली होती. पाच देशांचे लोक, अकरा बोटी. मुंबईहून निघायचं, आमच्या गावासमोर समुद्रात टाकलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि मुंबईला परत. वरच्या कार्यालयानं पत्रावर शेरा मारला होता, ‘स्थानिक पंचायतीने योग्य ती व्यवस्था करावी.’ योग्य ती म्हणजे कोणती, हे वरचे लोक कधीच सांगत नाहीत. ते आपण आपल्या अकलेनं ठरवायचं, आणि चुकलं की अक्कलही आपलीच.

आमचे सरपंच दयाराम पाटील मिठागरवाले. माणूस मनानं वाईट नव्हता, पण पाहुणे येणार म्हटलं की त्याच्या अंगात येई. शाळेला चुना, विहिरीला चुना, देवळाच्या पायरीला चुना. पाच देशांची निशाणं. बंदरावर मांडव, मांडवात खुर्च्या, पाहुण्यांना जेवण. सगळं ठरलं आणि दयाराम बंदरावर जाऊन एका खुर्चीवर बसून आला. आला तो कपाळाला आठ्या घालून.

“चिटणीस, मांडवातनं पिंप दिसनार न्हाय. उंडी आडवी येतेय.”

बंदरावर उंडीचं ते एकच झाड होतं. कोळ्यांचे बाप-आजे त्याच्या सावलीत जाळी विणत आले होते. सभा बोलावली. उंडीचं लाकूड होडीच्या कामाला येतं, तेव्हा ते गावात वाटून घ्यायचं ठरलं आणि सगळ्यांच्या माना हलल्या. मी ठराव लिहायला घेतला.

तेवढ्यात दाराशी बसलेला नामा तांडेल उभा राहिला. तो सत्तरीचा, उंच, वाळलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटाच राहायचा आणि एका लहान होडीतून एकटाच मासे मारायचा. माझ्या चार वर्षांत तो सभेला कधी आला नव्हता.

“झार ठेवा,” तो म्हणाला.

“का रं?” दयारामनं विचारलं.

“कामाचा हाय.”

“कसल्या कामाचा?”

नामा दाराबाहेर समुद्राकडे बघू लागला. मग एकेक जण हसायला लागला. मला कळेना. शेजारच्यानं माझ्या कानात सांगितलं तेव्हा कळलं. खोल पाण्यात मासळीची जागा लक्षात राहावी म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकावर एक धरतो. घरामागं डोंगर, झाडामागं देऊळ. अशा दोन जोड्या दोन बाजूंना जुळल्या की जागा सापडली. ही खूण तो कुणाला म्हणजे कुणालाच सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही आणि बायकोलाही नाही.

“म्हातारा मासळीची जागा राखतोय,” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. “आता किती खाशील, नामा?”

“कारन सांग, झार ठेवतो,” दयाराम म्हणाला. आणि खरंच ठेवलं असतं त्यानं.

नामानं सभेत बसलेल्या तांडेलांकडे पाहिलं. चौघे होते. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टाकाकडे. आणि पाठ फिरवून निघून गेला.

मी लिहिलं, ‘बंदरावरील उंडीचे निरुपयोगी झाड तोडण्याचे सर्वानुमते ठरले.’ निरुपयोगी हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला, ठराव भरदार दिसावा म्हणून.

शर्यतीच्या तीन दिवस आधी क्लबच्या लाँचमधून पिंप आलं. नारिंगी रंगाचं, माणसाच्या छातीइतकं उंच, वर झेंड्याची काठी. किनाऱ्यापासून दीडेक मैलावर खडक नसलेली जागा बघून नांगरायचं होतं. तिथला तळ हाताच्या रेषेसारखा ओळखणारा माणूस एकच. मला वाटलं, नामा नाही म्हणेल. तो हो म्हणाला आणि वर म्हणाला, “आजच टाकतो.” उद्या झाड पडणार होतं. मी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. चिटणीस कागद कागदाला जोडतो, तेवढंच.

लाँचवर मीही गेलो. नामा पुढं उभा राहून हातानं दिशा दाखवत होता. थोडं डावीकडे, थोडं मागं. खलाशी कंटाळला. “इथं टाकलं काय, तिथं टाकलं काय!” नामा एकदा किनाऱ्याकडे बघे, एकदा खांदेरी-उंदेरीच्या बेटांकडे. अर्धा तास असा गेल्यावर त्यानं हात खाली केला आणि पिंपाला बांधलेला दगड सोडला.

दुसऱ्या दिवशी उंडी पडली. पाहुणे अडखळायला नकोत म्हणून दयारामनं मुळंसुद्धा खणून काढली. खड्डा भरला, वर मुरूम टाकून धुमसानं चोपला. मांडव उभा राहिला. खुर्चीत बसलं की पिंप ऐटीत दिसे.

जानेवारीतल्या त्या रविवारी सगळं गाव बंदरावर होतं. दहाच्या सुमाराला शिडं दिसली. अकरा पांढरी शिडं वारा भरून येत होती, एकेक पिंपाला वळसा घालत होतं आणि मुंबईकडे तोंड करत होतं. विलायती माणसं किनाऱ्यापासून दीड मैलावर आली तेवढीच. मांडवात एकही उतरला नाही. शर्यतीतला माणूस जेवायला थांबत नसतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पानं मांडलेली, पापलेटं तळलेली, आणि दयाराम गळ्यात घालायचे हार हातात धरून उभा. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. वाट बघून कुणी न येणं मला चांगलं माहीत होतं.

नामा तांडेल सगळ्यांपासून लांब, ओल्या वाळूत उभा होता. दर बोटीच्या वळशाला तो डोक्यावरची टोपी काढी आणि परत घाली. अकरा वेळा. विलायती लोकांना मान देतोय म्हणून पोरं फिदीफिदी हसली.

मग क्लबची लाँच आली. दोन साहेब दहा मिनिटं उतरले, शहाळ्याचं पाणी प्याले, दयारामशी हात मिळवून निघाले. जाताना ते पिंप उचलून नेणार होते. नामा माझ्याकडे धावत आला. त्याला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“चिटनीस, त्यांना सांगा, पिंप राहू द्या. मी राखीन. वरसाच्या वरसाला रंग देईन.”

मी साहेबाला सांगितलं. साहेब सभ्य होता. म्हणाला, पिंप क्लबचं आहे, शिवाय जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींना अडथळा. लाँच गेली. आम्ही दोघं बघत राहिलो. लांबवर ती थांबली, नारिंगी ठिपका पाण्यातून वर उचलला गेला आणि नंतर पाणी सगळीकडे सारखंच दिसायला लागलं.

नामा वाळूत बसला. मीही बसलो.

“आता झार न्हाय,” तो म्हणाला. “आता सांगाला हरकत न्हाय.”

मग त्यानं सांगितलं. “सदू माजा पोर. स्वातंत्र्य आयला त्याच्या नंतरच्या पैल्या माघात होरी घेऊन गेला. वारा फिरला. दुसऱ्या दिशी मी सोधाला गेलू तं डोलकाठीचा शेंडा पान्याच्या वर हातभर दिसत व्हता. बाकी काय न्हाय. तवा मी किनाऱ्याकडं बगितला. देवलाचा कलस उंडीच्या शेंड्यावर बसलेला. दुसऱ्या अंगाला बगितला, उंदेरीच्या कोपऱ्यावर खांदेरीचा दिवा. दोन दिसांनी काठी पन गेली. जागा माज्याकडं राहिली. दर माघी पुनवेला नारल घेऊन जातो. पिंप पन तिथंच टाकला व्हता.”

“मग सभेत का नाही बोललात?”

“नामाची खून हाय इतका कलला असता, तं दुसऱ्या दिशी चार तांडेलांनी तिथं जाली टाकली असती. सदूवर जाली टाकू देऊ?”

“अहो, पण सदूचं सांगायचं होतं!”

“सभेत?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुमी लिवून घेतला असता.”

माझ्या मेलेल्या मुलाचं मी चार वर्षांत गावात कुणाला सांगितलं नव्हतं. मला विचारलं असतं तरी सभेत सांगितलं नसतं. हा माणूस त्या दिवशी माझ्यासमोर उभा होता, आणि मी ‘सर्वानुमते’ लिहिलं होतं.

तीन आठवडे जेमतेम गेले आणि माघी पौर्णिमा आली. आदल्या दिवशी मी नामाच्या झोपडीत गेलो. म्हटलं, “उद्या तुम्ही होडी काढा. मी उंडीच्या जागी बांबू धरून उभा राहतो. कळस बांबूच्या टोकावर धरा.” त्यानं छपराकडे बघून उंचीचा अंदाज घेतला. मग म्हणाला, “बांबू उंच लागंल.”

बांबू मी स्वागताच्या कमानीतलाच घेतला, दोन जोडून, आणि टोकाला ‘सुस्वागतम्’ लिहिलेल्या कापडाचा तुकडा बांधला. सकाळी नामा एकटा वल्हं मारत गेला. मी बंदरावर पोचलो. मांडव गेला होता. समोर नुसता चोपलेला मुरूम, इकडून तिकडे सपाट. उंडी नेमकी कुठं होती? विहिरीपासून वीस पावलं की पंचवीस? चार वर्षं त्या झाडाखालून मी रोज गेलो होतो, पण एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. पायानं माती उकरली, मुळाचा तंतूही लागला नाही. कुणाला विचारावं तर त्याला कारण सांगावं लागलं असतं. होडी लांब जात होती. शेवटी एका ठिकाणी मला वाटलं, इथंच. फक्त वाटलं. तिथं बांबू उभा केला आणि दोन्ही हातांनी धरला.

समुद्रावर काळा ठिपका हळूहळू सरकत होता. थोडा डावीकडे, थोडा मागं. ऊन चढलं, हात भरून आले, पायाखालचा मुरूम तापला. मी हललो नाही. जाणारे-येणारे विचारत, “काय चिटणीस, परत पाहुने येनार काय?” दीड मैल पाण्यापलीकडचा एक माणूस माझ्याकडे डोळे लावून होता. इतकं कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि मी कदाचित त्याला चुकीची जागा दाखवत होतो.

ठिपका थांबला. बराच वेळ थांबला. मग परत फिरला.

दुपारी नामा वाळूवर आला. होडी ओढायला मी हात लावला. त्यानं दोर बांधला, मी उभा होतो त्या जागेकडे डोळ्यांवर हात धरून पाहिलं, बाजूच्या विहिरीकडे पाहिलं.

“तू उबा व्हतास, ती उंडीचीच जागा ना?”

आजपर्यंत तो मला ‘तुमी’ म्हणत आला होता.

“हो,” मी म्हणालो. “बरोबर उंडीच्या जागी.”

तो दोराची गाठ पुन्हा एकदा घट्ट करत बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “नसंल पन.” आणि थोड्या वेळानं, “सोला वरसां झाली, चिटनीस. तो तरी कुठं एका जागेवर राहिला असंल?”

मला रडू फुटलं. नामानं माझ्या हातातून बांबू घेतला, चालत पंचायतीपर्यंत आला आणि तो माझ्या खोलीच्या भिंतीला, पागोळ्या लागणार नाहीत असा, आडोशाला टेकवून ठेवला. पुढच्या माघासाठी.