अठरा पूर्ण

“बाजरीत दाणा भरत व्हता, गुरुजी,” सारजाबाई म्हणाली. “मी माळ्यावर पाखरं राखत व्हते. हातात गोफण, आन् कळा सुरू झाल्या. खाली उतरस्तवर ह्यो बाहेर. आता तुमीच सांगा, जूनात कुटं बाजरीत दाणा भरतोय व्हय?”

 रावेतच्या शाळेच्या ओसरीवर माझ्यापुढे रजिस्टर उघडं होतं आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : ज्योतीराम कोंडीराम भोंडवे, जन्म १ जून १९३९.

बारा वर्षांपूर्वी तिनेच त्याला बोटाला धरून माझ्यापुढे उभं केलं होतं. सहा वर्षं पुरी नसली तर पोर दाखल करता येत नव्हतं. मी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगितलं. बोटं कानाला जेमतेम टेकली. पोर हुशार दिसलं, वर्ष वाया कशाला घालवायचं, म्हणून मी एक जून लिहून टाकली. कुणाच्याच आईला तारीख ठाऊक नसे आणि शाळा जूनमध्ये भरे. एकोणीस वर्षं मी तसंच करत आलो होतो. आपण पोरांचं भलंच करतोय, असं वाटायचं.

आदल्या वर्षी पवनेकाठी पटकीची साथ आली तेव्हा ज्योतीरामने गावातली बारा पोरं जमवली. विहिरींत औषध टाकायचं, आळीपाळीने पहारा करायचा, घरोघर पाणी उकळायला लावायचं. म्हाताऱ्या त्याला शिव्या द्यायच्या आणि त्याचंच ऐकायच्या. शेवटी त्यालाच पटकी झाली. त्यात चार महिने शाळा बुडाली, आणि मॅट्रिकला कसेबसे त्रेचाळीस टक्के पडले. पण सरकारने त्याला युवक नायकाचं पदक दिलं होतं. ठराव असा, की पदक मिळालेल्या मुलाला सरकारी कॉलेजात जागा मिळालीच पाहिजे. गुण बघायचे नाहीत, फी घ्यायची नाही. अट एकच. एक जूनला वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

त्याची पूर्ण होत होती. त्याच दिवशी, माझ्या अक्षरात.

“पुण्याला जाऊन मी सांगतो,” मी म्हणालो. सारजाबाईने पदराने डोळे पुसले. 

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उपरण्यात बांधून मी आणि ज्योतीराम पुण्याच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. साहेबांसमोर एकही आठवलं नाही.

“तारीख चुकली म्हणता. लिहिली कुणी?”

“मी, साहेब.”

“मग खरी कोणती?”

“भाद्रपदातली. बाजरीत दाणा भरत होता तेव्हाची.”

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते पानं उलटू लागले. एक जून, एक जून, एक जून.

“गुरुजी, तुमचं सबंध गाव एकाच दिवशी जन्मलंय की.” मग ते सावकाश म्हणाले, “माणूस तुम्ही खरं बोलणारे दिसता. तारीख अंदाजाने टाकली, एवढं लिहून द्या. मुलाला मी आज घेतो. आज शेवटचा दिवस आहे. पण तुमचा कागद वर जाणार, रजिस्टर इथे राहणार आणि यातली प्रत्येक एक जून तपासली जाणार.”

“भैरूदादाची पन?” ज्योतीरामने विचारलं.

“कोण भैरू?”

“खडकीला पोलिसात हाय, साहेब. आन् आमची शकूताई नर्सिंगला लागलीय. दोघांची वयं ह्याच्यावरूनच धरलीत.”

“वय कमी निघालं तर काय होईल ते मी कसं सांगू, बाळ? माझ्या हातातलं नाही ते.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी टाक उचलला, ‘मी खाली सही करणार’ इतकं लिहिलं, आणि हात थांबला. तो भैरू-शकूसाठी थांबला की चार वर्षांवर आलेल्या माझ्या पेन्शनसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. खूपदा विचार केला आहे.

ज्योतीरामने रजिस्टर मिटलं आणि उपरण्यात पुन्हा बांधलं. गाठ नीट बसली का पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी,” तो म्हणाला. “चला.”

मी लिहितोच म्हणून हट्ट धरायला हवा होता. मी उठलो.

एस.टी.त मीच विचारलं, “तुझ्या आईला काय सांगू?”

“शिटा भरल्या म्हनून सांगा. खरं सांगितलंत तर तुमच्या नावानं बोटं मोडंल. तिला दम धरवत न्हाई.”

“आणि तू?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पिंपरी आली होती. एका नव्या कारखान्याच्या फाटकापुढे माणसांची रांग लागली होती.

“हितं उतरू या का?” तो म्हणाला.

आम्ही उतरलो. तो रांगेच्या शेवटी उभा राहिला, मी बाजूला सावलीत. तासाभराने त्याचा नंबर आला. फाटकावरच्या जमादाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“अठरा पूर्ण हायेत का? दिसत न्हाईस तू. उगं खोटं बोलू नको, लई पोरं येत्यात अशी.”

“पूर्ण हायेत.”

“कशावरनं?”

ज्योतीरामने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

मी पुढे झालो. “पूर्ण आहेत,” मी म्हणालो. “एक जूनला झाली. मी त्याचा मास्तर. तारीख मीच लिहिलीय.”

माझा आवाज जराही कापला नाही.

“जा आत,” जमादार म्हणाला.

ज्योतीरामने फाटक ढकललं. मागे एक पांगळा माणूस काठी टेकत येत होता. त्याला आधी जाऊ देण्यासाठी तो फाटक धरून उभा राहिला. मग स्वतः आत गेला.