नागपूरपर्यंतचं हँडल

जबलपूरच्या मदन महाल वस्तीत जगदीश खोब्रागडेची मोटारसायकल ठाऊक नाही असा माणूस नवा भाडेकरूच असणार. काळी, दणकट, लांब सीटची गाडी. सकाळी सुरू झाली की समोरच्या घरातल्या कपबशा वाजायच्या आणि समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. दर वर्षी अशोक विजयादशमीला जगदीश भावनाला, म्हणजे बायकोला, मागे बसवून याच गाडीवर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. आगगाडी आहे, बस आहे, पोरगा म्हणतो कार करा. पण नाही! लखनादौनला चहा, सिवनीत जेवण, खवासाचं जंगल ओलांडलं की महाराष्ट्र. रस्ताभर निळे झेंडे लावलेल्या गाड्या भेटायच्या, हात हलवून जय भीम व्हायचा. खिडकीच्या काचेआडून जय भीम काय करायचा, असं जगदीशचं म्हणणं होतं.

गेल्या वर्षी मात्र सिवनीच्या अलीकडे घोटाळा झाला. जगदीशचे दोन्ही हात सुन्न पडले. समोर ट्रक थांबला आणि डाव्या हाताची बोटं क्लच ओढेनात. गाडी कशीबशी कच्च्या रस्त्यावर उतरली, बंद पडली, म्हणून निभावलं. भावना खाली उतरली आणि तिथेच मैलाच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "तनयचे बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा हात सुन्न झाले, तर ही गाडी विकायची. कबूल करा."

जगदीशनं कबूल केलं. करतो काय? बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टरांनी मान पाहिली, मणका पाहिला, नसा तपासल्या. सगळं ठीक. म्हणाले, गाडीवर बसण्यात काहीतरी चुकतंय तुमचं. आता सरळ माणसानं यावरून बसणं सुधारलं असतं. पण जगदीश पडला गाडीचा भक्त. गाडी बिचारी निर्दोष, चूक तिच्या हँडलची, असा निकाल त्यानं दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच लावला.

सदर बाजारात योगेंद्रचं दुकान आहे, गाड्यांच्या सामानाचं. भिंतभर हँडलं टांगलेली. जगदीशनं आधी उंच हँडल घेतलं. दोन दिवस त्यावर ऑफिसला गेला आणि खूश होऊन आला. खांदे मोकळे, मनगटं सरळ, वा! रविवारी भावनाला घेऊन बरगीच्या धरणाकडे निघाला, तर अर्ध्या रस्त्यात बोटांना मुंग्या.

"झाडाला लटकल्यासारखे दिसून राहिले तुम्ही," भावना मागून म्हणाली.

मग रुंद हँडल आलं. ऑफिसला झकास, बरगीच्या रस्त्यावर पुन्हा तेच. मग आलं मागे वळलेलं हँडल, पार छातीजवळ येणारं, लांबच्या प्रवासाला याच्यासारखं आरामशीर दुसरं नाही म्हणे. एकट्यानं चालवताना जगदीशला खुर्चीत बसल्यागत वाटलं. भावना मागे बसली आणि पहिल्याच वळणावर हँडलचं टोक त्याच्या पोटात घुसलं.

"पोट कमी करा," भावना म्हणाली.

"हँडलचा दोष आहे."

"हो नं. भजी हँडलच खाऊन राहिलं रोज."

धरणावर पोचले. जगदीश म्हणाला, हात एकदम फर्स्टक्लास. मग पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवायला लागला. झाकण काही फिरेना. बोटं जणू दुसऱ्याच कुणाची. भावनानं बाटली घेतली, उघडली आणि त्याच्या हातात दिली. तोही खाली मान घालून पाणी प्यायला. खोटं पकडलं गेलं की नवऱ्याचं तोंड कसं होतं ते बायकांना सांगायला नको.

"विकू," तो म्हणाला. "बोललो होतो नं. दसऱ्याच्या आधीच विकून टाकू."

भावना तडकली. "तुम्हाला काय वाटलं, मी खुशीत कबूल करवून घेतलं? मला त्या बसमध्ये उलट्या होतात, माहीत आहे नं? वर्षभर मी या एका दिवसाची वाट पाहत असते. या घरात आल्यापासून दुसरं कुठं फिरायला नेलंय तुम्ही मला? चला, त्या योगेंद्रकडे उद्या मी येते. पाहते काय काय टांगून ठेवलंय ते."

इतकी वर्षं जगदीशला वाटत होतं, ही आपल्या हौशीपायी मुकाट्यानं मागे बसते. तिचीही ती हौस आहे, हे त्याला धरणाच्या कठड्यावर पहिल्यांदा कळलं आणि गाडी जाणार याचं दुःख दुप्पट झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं सदरला गेले. योगेंद्रनं हात जोडले. "काए दादा, फिर आ गए? अब तो दुकान में साइकिल का हँडल बचा है."

"भैया, तेच लावा," भावना म्हणाली, "पर हाथ सुन्न नहीं होना चाहिए. और सुनो, अकेले में इनको कुछ नहीं होता. मैं बैठूँ तभी होता है."

हे तिनं सहज सांगितलं, पण योगेंद्र डोकं खाजवायला लागला. जगदीशनं ही गोष्ट त्याला कधी सांगितलीच नव्हती. बायको मागे बसली की हात सुन्न होतात, हे दुकानात कोण सांगणार? लोक हसतील!

योगेंद्रनं गाडी मधल्या स्टँडवर चढवली. "बैठिए दोनों. जैसे नागपुर जाते हैं, बिलकुल वैसे."

जगदीश बसला. भावनानं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, पाय टाकला, बसली. बसल्याबरोबर जगदीश सवयीनं पुढे सरकला, टाकीला पोट टेकेपर्यंत. त्याच वेळी भावना मागे सरकली आणि तिनं मागची दांडी धरली. योगेंद्र बाजूला जाऊन उभा राहिला. एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग अगदी साधेपणानं विचारलं,

"दादा, बीच में कौन बैठेगा?"

जगदीशनं मान वळवून पाहिलं. त्याच्या आणि भावनाच्या मधे दीड वीत सीट रिकामी होती.

रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला.

"तनय," भावना म्हणाली.

तनय तीन वर्षांचा असल्यापासून तिथे बसायचा. बापाच्या शर्टाला मुठीत धरून, आईच्या पोटाला टेकून, नागपूरपर्यंत. "सरका नं पुढे, पोराला जागा होऊ द्या," असं भावना म्हणायची आणि जगदीश सरकायचा. "तू पण हो जरा मागे," असं तो म्हणायचा आणि ती व्हायची. पुढे पोराचे पाय लांब झाले, मग तो मामाबरोबर आगगाडीनं यायला लागला. आता पुण्यात नोकरीला आहे, दाढी ठेवतो, फोनवर अर्धं हिंदीत बोलतो. पण गाडीवर बसलं की हे दोघं अजूनही त्याच्यासाठी सरकत होते. तरुणपणी अंगात रग होती तोवर चाललं. आता टाकीवर चढून, कोपरं दुमडून, मनगटं मोडून चालवायची म्हटल्यावर हात सुन्न होतील नाही तर काय!

जगदीशला हसू आलं. आरशात पाहिलं तर भावना पदरानं डोळे टिपत होती.

"काहून रडून राहिली?"

"रडत नाही. तुम्ही मागे सरका."

तो मागे सरकला. ती पुढे आली. तिचे गुडघे त्याच्या मांड्यांना लागले, तिचा हात दांडी सोडून त्याच्या कमरेवर आला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी बसायची, तेव्हा चेरीतालच्या गल्लीतून जाताना लाजून हात काढून घ्यायची. आज भर सदरमध्ये तिनं काढला नाही.

जगदीशनं हात पुढे केले. मागे वळलेलं ते महागडं हँडल आता फार जवळ वाटत होतं.

"योगेंद्र," तो म्हणाला, "वो मेरा पुराना वाला है क्या?"

"कबाड़ में पड़ा है, दादा."

"निकालो."

जुनं हँडल पुसून बसवलं. तेच, पंचवीस वर्षांचं, ग्रिप झिजलेलं. हात सरळ त्यावर जाऊन बसले. योगेंद्रनं नव्या हँडलांकडे पाहून कपाळावर हात मारला आणि दोघांसाठी खोव्याची जिलबी मागवली.

दसऱ्याला पहाटे निघाले. लखनादौनला चहा झाला. सिवनी जवळ आली, तो मैलाचा दगड गेला. भावनानं मागून त्याच्या पाठीत हलकेच बोट टोचलं, हात कसे आहेत म्हणून. जगदीशनं डाव्या हाताची पाचही बोटं हवेत नाचवून दाखवली.

"हँडल धरा आधी!" ती ओरडली.

सिवनीत जेवायला थांबले तेव्हा तनयचा फोन आला. रात्रीच्या गाडीनं तोही पुण्याहून नागपूरला पोचला होता, आईबाबांना न सांगता. भावनानं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, सरप्राइज! वापसी में मी पण तुमच्यासोबत येतो जबलपूरला. पहले जैसा, बीच में बसतो."

जगदीशनं बायकोकडे पाहिलं. पोरगं येणार म्हणून तिचा चेहरा उजळला होता, डोळे भरून आले होते. पाणी खळ्ळकन गालावर आलं, आणि तरी ती ठामपणे म्हणाली,

"ये बाळा, ये. पण तू आगगाडीनं ये. तिथे आता मी बसते."