चांदव्याचा चौथा दांडा

"उघड, उघड. गाणं म्हणताना उघडतोस त्याच्या निम्मं तरी तोंड उघड."

हाब्तोमने तोंड उघडलं आणि लुडगरने आत टॉर्च मारला. डावा गाल पावासारखा फुगला होता. घंटा वाजवणं, मेणबत्त्या बदलणं आणि थंडीत चर्चची भट्टी पेटती ठेवणं यात लुडगर होल्टकाम्पचं आयुष्य गेलं होतं. दातातलं त्याला काही कळत नव्हतं. तरी तो "हं" म्हणाला. डॉक्टरही आधी तेवढंच म्हणतात.

"दुखतंय?"

"नाही, बाबा."

"चर्चमध्ये उभा आहेस. खोटं बोलू नकोस."

"मग दुखतंय."

हाब्तोम चर्चमध्ये राहत होता, कारण बाहेर राहायची सोय नव्हती. इरिट्रियातून निघून, समुद्र ओलांडून तो आधी ज्या देशात उतरला होता, तिथेच त्याला परत पाठवायचं सरकारने ठरवलं होतं. तिथे त्याने एक हिवाळा पुलाखाली काढला होता. फादर क्लेमेन्सनी त्याला चर्चमागची खोली दिली. चर्चच्या आवारात पोलीस कुणाला धरायला शिरत नाहीत. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही, पण गावात न लिहिलेले नियमच जास्त पाळले जातात.

फाटकाबाहेर मात्र हुबर्ट होता. गावचा पोलीस, आणि शाळेत लुडगरच्या बाकावर बसणारा. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "लुडगर, तो बाहेर मला दिसला तर मला त्याला धरावंच लागेल. तेव्हा दिसू देऊ नकोस."

दातांचे डॉक्टर फेल्डहाउस यांचा दवाखाना त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. पण चर्चच्या बैठकीत या आश्रयाविरुद्ध पहिला हात त्यांचाच वर गेला होता. लुडगर टोपी काढून त्यांच्याकडे गेला.

"डॉक्टर, जरा येऊन बघता का?"

"चर्चमध्ये दात काढू? मी काय जत्रेतला न्हावी आहे? तिथे खुर्ची नाही, दिवा नाही, नळ नाही."

"नळ आहे."

"लुडगर, नियम म्हणजे नियम. तो आश्रय मला मान्य नाही, हे मी सगळ्यांसमोर बोललोय. पण दारात आलेला पेशंट मी आजवर परत पाठवलेला नाही. येऊ दे त्याला. बघतो."

"त्याला येता येत नाही."

"त्याला मी काय करू?"

"आणि सूज वाढली तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गळ्यात उतरली तर जीव जाऊ शकतो. मग हॉस्पिटल."

"हॉस्पिटलातून त्याला सरळ विमानात बसवतील."

डॉक्टरांनी तोच चष्मा पुन्हा पुसला. माणूस सरळ होता. पंचाईत तीच होती.

गुरुवारी ख्रिस्तदेहाचा सण आला. त्या दिवशी पवित्र भाकर सोन्याच्या पात्रातून गावभर फिरते. पात्र फादरच्या हातात, फादरच्या डोक्यावर भरजरी चांदवा, आणि चांदव्याचे चार दांडे धरायला चार पुरुष. ही जागा मागून मिळत नाही, बापाकडून येते. पुढे डावीकडे हुबर्ट, गणवेशात. मागे उजवीकडे लुडगर. दांडा धरणाऱ्याने मागे बघायचं नाही, हा मुख्य नियम. बघितलं की दांडा कलतो आणि झालर फादरच्या नाकावर येते. हुबर्टच्या आजोबांनी एकदा बघितलं होतं. त्या घराला गाव अजून 'मागेबघे' म्हणतं. त्यामुळे हुबर्टची मान त्या दिवशी दगडाची असे.

सकाळी वस्त्रं चढवताना लुडगरने विचारलं, "फादर, मिरवणूक निघाली की चर्च कुठे असतं?"

"म्हणजे?"

"मागे राहतं, की चांदव्याखाली चालतं?"

"चांदव्याखाली चालतं, असं म्हणता येईल."

"मग दांडा धरणारा चर्चच्या आत की बाहेर?"

फादरनी त्याच्याकडे पाहिलं, मग हाब्तोमच्या गालाकडे. "लुडगर, मला काही कळलेलं नाही," ते म्हणाले. "आणि कळायला नकोच."

"माझे गुडघे दुखतायत, एवढंच," लुडगर म्हणाला. गुडघे कैक वर्षं दुखत होते. आजवर त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.

दांडा धरायचे पांढरे हातमोजे त्याने हाब्तोमला दिले. बायको, हेडविग, होती तोवर ती ते हाताने धुवायची. ती गेल्यावर लुडगरने मशीनमध्ये टाकले आणि ते आटले. हाब्तोमने बोटं कशीबशी आत कोंबली.

पुढचे दोघे दाराकडे तोंड करून उभे राहिले, मग मागचे दोघे आले. चांदवा उचलला. हाब्तोम उंच, त्यामुळे मागची बाजू जरा वर गेली. गावाने पाहिलं. बघण्यात गाव हुशार आहे, न बघण्यात त्याहून. लुडगर पहिल्यांदाच चांदव्यामागे बायकांमधून चालला. हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून ते त्याने खिशात घातले आणि लगेच बाहेर काढले.

डॉक्टरांच्या दारात दरवर्षी वेदी मांडतात, रस्त्यावर फुलांचा गालिचा घालतात. त्यावरून फक्त फादरनी चालायचं. मिरवणूक थांबली. फादर पात्र घेऊन वेदीकडे गेले. लुडगर मागून आला आणि त्याने हाब्तोमच्या हातातला दांडा घेतला.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "पेशंट दारात आलाय."

काळ्या सुटातल्या डॉक्टरांनी हाब्तोमचा गाल पाहिला, हुबर्टची पाठ पाहिली.

"फुलांवर पाय देऊ नकोस," ते हाब्तोमला म्हणाले. "कडेने ये."

दार लागलं. फादरनी प्रार्थना म्हटली, मग संतांची नावं, मग आणखी संतांची, जे त्या गावात फारसे चालत नसत. बँडने तेच गाणं पुन्हा धरलं. ऊन चढलं.

"लुडगर," पुढे बघत हुबर्ट म्हणाला, "यंदा कडवी फार आहेत."

"आहेत खरी."

"माझा खांदा भरून आला."

"मग गा. गायल्याने बरं वाटतं."

हुबर्ट गायला. सूर कुठल्या कुठे होता, पण मान हलली नाही.

दार उघडलं तेव्हा हाब्तोमच्या गालात कापूस होता आणि डोळ्यांत पाणी. त्याने दांडा घेतला. डॉक्टर कोट न घालताच आले, बाह्या वर गुंडाळलेल्या, आणि आशीर्वादासाठी गुडघे टेकून बसले.

"परवा परत बघावं लागेल," ते पुटपुटले.

"त्याला येता येणार नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी गुंडाळलेली बाही खाली ओढली. "नळ आहे म्हणालास ना?"

"आहे."

दुपारी हुबर्ट चांदवा घडी करून ठेवायला आला. आत हाब्तोम होता, म्हणून तो उंबऱ्यावरच थांबला आणि लुडगरच्या हातात घडी दिली.

"मागची बाजू आज उंच होती."

"नवे बूट घातले होते."

"असं," हुबर्ट म्हणाला. "तेच घालत जा पुढेही. फादरच्या नाकावर झालर आली नाही."

तो गेल्यावर लुडगरने हातमोजे पाहिले. दोन्हींची अंगठ्याची शिवण उसवली होती. हेडविगचा सुईदोऱ्याचा डबा अजून त्याच खणात होता. त्याने तो काढला, झाकण उघडलं आणि पुन्हा बंद केलं. मग हातमोजे तसेच, उसवलेले, पुढच्या वर्षीच्या मोठ्या हातांसाठी नीट घडी घालून ठेवले आणि पाय ओढत घंटा वाजवायला गेला.